शून्य धोक्याचा वॉर्ड

माणूस चुकतो, आकडा चुकत नाही. म्हणून जबाबदारीच्या जागी आकडा बसवावा आणि आपण त्याच्यामागे बसावं.

फिलिपीन्समधल्या इलोइलो शहराजवळच्या एका रुग्णालयाचे संचालक डॉक्टर पाल्मारेस यांना हे तत्त्व सेबू बेटावरच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात गवसलं. (दुसऱ्या दिवशी सगळे समुद्रावर गेले होते.) तिथून त्यांनी एकच सूत्र गाठीला बांधून आणलं: हॅझर्ड रेशो एकाच्या वर गेला की धोका, खाली राहिला की कल्याण.

रुग्णालयाची आकडेवारी रोवेना गुंबान सांभाळायची. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना संध्याकाळीच चालवलं, काहींना जुन्या रीतीने झोपवून ठेवलं, आणि कोण किती लवकर घरी जातं ते तिने मोजलं. चालणाऱ्यांचा हॅझर्ड रेशो, म्हणजे तीच घटना दुसऱ्या गटाच्या किती पट वेगाने घडते तो आकडा, आला १.९. इथे घटना होती घरी जाणं: कुठल्याही दिवशी वॉर्डात उरलेल्यांपैकी चालणारे जवळजवळ दुप्पट वेगाने घरी जात होते. रोवेना हरखली. तिचे वडील नुकतेच हर्नियासाठीच दाखल झाले होते, आणि त्यांना रविवारी गावच्या जत्रेत आपला कोंबडा झुंजवायचा होता.

संचालकांनी १.९ पाहिला आणि चालण्यावर बंदी घातली.

"डॉक, इथे मोजलंय ते घरी जाणं," रोवेना म्हणाली. "मरणं नाही."

"मग मरणाचा काढ."

"कुणी मेलंच नाही."

"म्हणजे चालणं सुरक्षित असल्याचा पुरावा नाही."

तिने तुलना उलटी करून दाखवली. झोपलेल्यांचा आकडा आला ०.५३. संचालकांचा चेहरा खुलला. झोपणं हितकारक असल्याचं आता दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं होतं. (समितीने एकमताने मान्यता दिली, बैठकीतलं बाचोयचं शेवयांचं सूप गरम होतं.)

पलंगांना कठडे लागले, चपला कपाटात गेल्या. शनिवारी वडिलांनी लेकीला जवळ बोलावलं.

"इंदाय, पोरी, मी बरा झालोय की नाही, तेवढं सांग."

"झालात, ताय," लेक वडिलांना म्हणाली.

"मग त्या आकड्याला झोपव माझ्या जागी."

आणि ते अनवाणी, स्वयंपाकघरातून, ट्रायसिकल रिक्षाने निघून गेले. त्यांचं पाहून आणखी चौघे गेले.

रीतसर रजा न घेता गेलेला रुग्ण 'घरी गेला' असं लिहिता येत नाही. नियमाप्रमाणे तो 'नजरेआड' धरतात, म्हणजे पुढे त्याचं काय झालं ते माहीत नाही. रविवारी रोवेनाने घरी बसून वडिलांना नजरेआड नोंदवलं, तेव्हा ते तिच्या समोरच बसून हरलेल्या कोंबड्याचा रस्सा भुरकत होते. तिला हसू आलं आणि लाजही वाटली.

महिन्याभरात सगळेच स्वयंपाकघरातून जाऊ लागले. कागदावर कुणीच घरी जाईना. मागच्या वर्षाशी तुलना केली तर रेशो शून्य आला, आणि त्याहून खाली जाता येत नाही. राजधानीतून मानपत्र आलं. दूरदूरचे डॉक्टर हा वॉर्ड पाहायला येतात. (त्यांना स्वयंपाकघर दाखवत नाहीत.)

रोवेनाने अलीकडेच आणखी एक आकडा काढलाय: ही हकीकत शेवटपर्यंत वाचणारे १.९ पट चाणाक्ष असतात. ऐकून बरं वाटलं ना? कुणाच्या तुलनेत, ते तुम्हीही विचारलं नाहीत.