रॉइलची नेमणूक

यशोधराने परदेशातून शिकून येताना सोबत आणलेले ‘रॉइल’ हे इंग्रजी क्रियापद तिसऱ्याच दिवशी कारंबवाडीच्या तळ्यात उतरले, आणि गावाचे पिण्याचे पाणी गढूळ झाले.

गावाने घरोघरी निवळीच्या बिया उगाळून हंड्यांतले पाणी नितळ केले. पण क्रियापद तिथे थांबले नाही. दूध सोसायटीच्या सभेत ते मागच्या बाकावर नुसते जाऊन बसले, तर दोन साडू कधीच्या मेलेल्या रेड्यावरून हमरीतुमरीवर आले. पाठोपाठ भजनी मंडळ फुटले.

पंचायतीने यशोधराला बोलावले. शाळेच्या पडवीत ती मुलींना इंग्रजी शिकवत असे. गाव बदलेल तर इथूनच, अशी तिची श्रद्धा होती. आता तो वर्गच बंद करण्याचा ठराव आला होता.

“अर्थ काय गं ह्याचा?” सरपंच सुगंधाकाकूंनी विचारले.

“तळाचा गाळ वर आणणं, काकू. ढवळून काढणं. पाणी असो, नाहीतर माणसांची मनं.”

“मग कामाला चोख आहे की. पण आमच्यातच कशाला?”

दोष शब्दाचा नाही, त्याला योग्य जागा मिळालेली नाही, असे यशोधरा कळकळीने सांगू लागली.

“भाषण वर्गात दे, पोरी. इथं जागा दाखव. सोमवारपर्यंत. नाहीतर पडवीला कुलूप.”

ती घरी आली तेव्हा आई चुलीपुढे धुरात खोकत होती. गावचा गोबरगॅस चालू होता तेव्हा हा जाच नव्हता, आई म्हणाली. पण टाकीत शेणावर जाड थर धरला, ढवळायचा दांडा कुणाला हलेना, आणि गॅस यायचा थांबला.

यशोधराच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

सोमवारी सकाळी तिने क्रियापदाला टाकीचे तोंड दाखवले. त्याने वाकून आत पाहिले, वास घेतला आणि ते टाकीत उतरले. आतून गुडगुड ऐकू येऊ लागली. संध्याकाळी काकूंच्या शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. तळ्याच्या तळाचे दगड पुन्हा दिसू लागले. साडूंनी एकमेकांपुढे तंबाखूची डबी धरली.

काकूंनी त्याच शेगडीवरचा चहा यशोधराला दिला.

“वर्ग चालू दे. पण पुढचं आणशील ते आधी विचारून आण.”

यशोधराने चहा संपवला आणि पडवीत जाऊन फळा पुसला.

पोळ्याला बैलांबरोबर क्रियापदालाही सुट्टी असते. पुरणपोळीचा पहिला घास त्याला देतात. त्या दिवशी गावात कुठलीही सभा ठेवत नाहीत, आणि घरोघरी निवळी उगाळून ठेवतात.