उरल्यासुरल्याचा आकार

गजराआक्कांच्या पडवीत पाऊल टाकलं की हातात आधी चिखलाचा गोळा येतो, चहा नंतर. "नुसतं बघाया हितं काय शिनेमा हाय व्हय? हात घाण करा!"

माले गावातल्या या साठीच्या शेतकरीण बाईंनी भातखाचरातली माती पेंढ्यात मळून पडवीत एक बाई बसवली आहे. माणसाएवढी, मांडीवर परात. येणाऱ्याने आपली आई काय खायची ते मातीत घडवून परातीत ठेवायचं. काय रांधायची ते नव्हे, काय खायची. भलेभले इथेच अडकतात.

हात लावायला बंदी फक्त एकाच वस्तूला: कोपऱ्यातलं ओल्या फडक्याचं गाठोडं.

मी गेलो त्या दिवशी सरपंचांनी ऐटीत पुरणपोळी थापली. आक्कांनी ती चिमटीत धरली. "ही तुमी खाल्ली. आईनं काय खाल्लं?"

"तिनं… उरलंसुरलं."

"उरलंसुरलं म्हंजी? गोल का चपटं? आकार सांगा!"

सरपंचांनी घाम पुसत बहिणीला फोन लावला. "तायडे, आई काय गं खायची?"

स्पीकरवर आवाज आला, "आज सुचलं व्हय रं तुला?"

सारी पडवी हसली. मग ताईनेच सांगितलं: भाकरीचा करपलेला पापुद्रा, मिठाच्या खड्याबरोबर. मातीचा पापुद्रा तीनदा फाटला, पण सरपंच उठले नाहीत. माणसाला असं बसवून ठेवणं मला चाळीस वर्षं शिकवूनही जमलं नव्हतं.

मी भूगावहून गेलो होतो. आई जाऊन दोन महिने झाले होते. पुस्तकांची पानंच्या पानं पाठ, पण आईच्या पानातलं काही आठवेना. हातातला गोळा वाळू लागला. आक्का त्यावर पाणी शिंपडत राहिल्या. "बसा, मास्तर. घाई न्हाई."

अखेर आठवलं. पातेल्याच्या तळाची भाताची खरपुडी, उलथन्याने खरवडून, ओट्याशी उभ्यानेच खाल्लेली. दुपारपर्यंत तो वाकडा तुकडा मी घडवला.

निघताना विचारलं, "आक्का, यात तुमच्या आईचा घास कुठला?"

त्यांनी कोपऱ्यातलं गाठोडं सोडलं. आत मातीचा गोळा होता, नुसताच.

"म्या इचारलंच न्हाई कधी. आता सांगाया कुणी ऱ्हायलं न्हाई. म्हणून येईल त्याला इचारतीया. कुणाच्या तरी बोलण्यात माझी आय घावंल."

गोळा सुकत आला होता. मी तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं. त्यांनी अडवलं नाही.