बाकीचं

नागेशने विशीत एकदा ऐकलेला, भरल्या माठाला तडा जावा तसा ‘टण्’ आवाज सोमवारी सकाळी पुन्हा झाला, आणि निकेलचा मुलामा चढवायच्या टाकीतल्या दोन औषधांपैकी एकाने फारकत मागितली.

विशीत ऐकला होता तेव्हा फारकत झालीच होती. समईवरचा थर डोळ्यांदेखत सोलून आला. ती टाकी पुन्हा चालली नाही. तिथल्या मालकाने पुढे तिच्यात कोळसा भरला. आता टाकी नागेशची स्वतःची होती, पोट तिच्यावरच होतं, आणि आत बँडवाल्या हुसेनभाईंचा ट्रम्पेट लटकत होता. वीज मध्येच तोडता येत नव्हती. तोडली, की वरचा थर खालच्याला धरत नाही. म्हणून तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष कोरेअण्णा यांनाच टाकीपाशी बोलावलं.

ते आले, खुर्ची मागितली, हिरव्या पाण्यात डोकावले आणि वाफेने धुरकटलेला चष्मा पुसला.

“अर्जदार कोण?”

“मी,” पाण्यातून आवाज आला.

“तक्रार कुणावर? दुसऱ्या औषधावर, चमकेवर?”

“मी काय केलं?” दुसरा आवाज फणकारला. “मी फक्त लखलखते.”

“ती लखलखते आणि थराला ताण देते,” पहिला आवाज म्हणाला. “तो ताण मी सोसते. मी नसले तर हिचा तोरा पापुद्र्यासारखा निघेल. पण तिचा स्वभावच तो. तक्रार मालकावर आहे. रोज सकाळी येतो, ‘चमक, ये गं बाई’ म्हणत हिला धारेनं सोडतो. मग बायकोकडं मान वळवून म्हणतो, ‘बाकीचं टाक.’”

टण्. ट्रम्पेट लटकवलेली तार थरथरली.

“खरं आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“खरं हाय,” नागेश सावकाश म्हणाला. “पर बाकीचं म्हंजे शिवी न्हवं, अण्णा.”

“नावही नव्हे,” अध्यक्ष म्हणाले.

“नावानं हाक मारली तर राहीन,” पाणी म्हणालं. “नाहीतर ट्रम्पेट वर यायच्या आत जाते.”

नागेशने त्या औषधाचा डबा फिरवून पाहिला. नावाची चिठ्ठी आम्लाने कधीच खाल्ली होती.

“नागूअण्णा, सांजच्याला वरात आहे!” ट्रम्पेट न्यायला आलेले हुसेनभाई रडकुंडीला आले. “काशी म्हणा, सखू म्हणा, कायतरी म्हणा!”

“म्हणून तर बघा,” पाणी म्हणालं.

टण्. टण्.

तेवढ्यात मागच्या दाराने नागेशची बायको आली. रबरी हातमोजे घातलेलेच होते. टाकीवर वाकून ती हळू म्हणाली, “गोडी, दमलीस होय गं?”

पाणी निवांत झालं. ‘बाकीचं’ म्हणून टाकायच्या त्या पांढऱ्या भुकटीची चव गोड असते, हे नागेशला माहीत होतं. पण रोज ती टाकताना बायको पुटपुटते काय, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

“गोडी,” त्याने घाईने हाक मारली. “ऱ्हा गं बाई.”

“राहते,” पाणी म्हणालं.

ट्रम्पेट वर आला. कुठे रेघ नाही, तडा नाही. चौघांची तोंडं त्यात लांबलचक होऊन चमकली. हुसेनभाईंनी तो छातीशी धरला आणि गरम लागल्यावरही सोडला नाही.

“तडजोड झाली,” अध्यक्ष म्हणाले. “नाव कुणी सांगितलं ते तेवढं नोंदवतो.”

“हिनं.”

“हिनं म्हणजे? नाव सांगा, नागेशराव.”

नागेशचे कान लाल झाले. लग्नात उखाण्यात बायकोचं नाव घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर चारचौघांत ते त्याच्या तोंडी कधी आलं नव्हतं. तो जमिनीकडे बघून हसला.

“लिवा की,” तो म्हणाला, “घरच्यांनी.”

अध्यक्षांनी तसं लिहिलं.

बायकोने एकेक करून हातमोजे उतरवले, टाकीच्या काठावर नीट वाळत घातले, आणि मागच्या दाराने निघून गेली.