पुंडलिकरावांच्या घरचं बारसं

आमच्या मलकापुरात गाडी लेट झाली की सगळे स्टेशनमास्तरला शिव्या देत आणि आमचे शेजारी पुंडलिकराव आपलं घड्याळ मागे करत. "गाडी कशी चुकन? घड्याळच पुढं पळालं असन!" म्हणून शांतपणे काटे फिरवत. त्यामुळे या गृहस्थाचं जेवण कधी अकराला, कधी दीडला. पण तोरा केवढा! "वखत म्हणजे वखत!" हे दिवसातून शंभरदा.

गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान, चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, मागेपुढे कोणी नाही. माझ्याशी बोलणं फक्त भांडणापुरतं, कारण माझा कोंबडा. तो मेला पॅसेंजर यायच्या आधीच आरवतो म्हणे.

"कोंबडेवाल्या बाई, त्याले शिस्त लावा!"

"तुम्हीच शिकवा त्याले गाड्याईचं टाइमटेबल," मी भिंतीवरून ऐकवायची.

महाराष्ट्र नुकताच झाला होता त्या सुमारास त्यांच्या सुलतानपूरच्या दोस्ताची बायको बाळंतपणात गेली. दोस्ताच्या घरी आधीच चार लेकरं. पुंडलिकराव मातीला गेले ते सुन्न होऊनच परतले. पुन्हा गेले, आणि रीतसर दत्तकविधान करून ती तान्ही पोरगी घेऊन आले.

गल्लीने तोंडात बोटं घातली. "दत्तक घ्यायचा तं पोरगा घ्या ना! पोरीले कोण घेते?"

"मले वारस नाही पायजे. पोरगी पायजे."

मग काय, आठवड्यात पोरीने त्यांना सरळ केलं. दूध द्यायचं ते गाडी आल्यावर नाही, ती रडल्यावर! दुकानात मांडीवर पोरगी, हातात वाटी-चमचा, आणि गिऱ्हाइकाला दम, "थांबा जरा, बाईसाहेब जेवून राह्यल्या!" मी भिंतीआडून पाहायची आणि भांडायचंच विसरून जायची.

बारसं राहिलं होतं, ते ठरलं. पाळणा टांगला, घुगऱ्या शिजवल्या, गल्लीतल्या बाया जमल्या. पुंडलिकराव नवं धोतर सावरत मिरवत होते. तेवढ्यात समोरच्या अनसूयाकाकूंनी विचारलं, "नाव कानात सांगाले आत्या कोठी हाय?"

पुंडलिकरावांचा चेहरा खर्रकन उतरला. तो मान बापाच्या बहिणीचा.

"मले बहीण नाही," ते म्हणाले. "ध्यानातच नाही आलं."

"पाहा! नाव ठेवाले घरात बाई नाही, अन् पोरगी वाढवाले निघाले! अजूनही वापस द्या तिले."

दोन-चार माना हलल्या. पुंडलिकरावांनी पोरीला पाळण्यातून उचलून छातीशी घट्ट धरलं. इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता. माझ्या तर डोक्यात तिडीकच गेली. काकूंना चांगलं सुनवायला मी उठले, तोच ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"ताई," म्हणाले. जन्मात पहिल्यांदा! "आत्या व्हाल का तुम्ही हिची? कोंबड्याचं नाव नाही काढणार मी."

मी पदर खोचला. "आणा इकडं पोरगी. नाव काय ठेवू?"

"आत्या तुम्ही. तुम्हीच ठेवा."

पोरीला पाळण्यात ठेवलं, वाकले, कानात कुर्र केलं आणि सुमन नाव सांगितलं. झालं! रिवाजाप्रमाणे बायांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घालायला सुरुवात केली. अनसूयाकाकूंनी तर जुना राग काढून घेतला. मी 'अगं आई गं' करतेय तोच पुंडलिकराव दोन्ही हात पसरून मध्ये घुसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अवो, हळू मारा ना! एकच बहीण हाये मले!"