माझा हसरा चेहरा, घाऊक भावात

हसावं कसं, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं! म्हणूनच नव्या नाटकगृहाच्या सज्जांना प्लास्टरचे हसरे चेहरे हवेत हे कानावर आलं, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "नेलिदा, मूर्तिकार कशाला हवाय? साचा माझ्याच चेहऱ्यावरून घेऊ."

"तुझ्या?" ती म्हणाली. एवढंच.

मी ब्यूनोस आयर्समधला प्लास्टरच्या नक्षीचा घाऊक व्यापारी. छताची फुलं, वेलपट्ट्या, देवदूत. डझनाखाली बोलायचं नाही. समोरच बार्तोलुचीचं तेच दुकान. त्याने इटलीहून मूर्तिकार आणवला आणि माझी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडू लागली. माझे देवदूत धूळ खात पडलेले, त्याचे ट्रकमध्ये बसून गावोगाव निघालेले. मी जळत होतो, उघड सांगतो. त्याच्या दारात ट्रक थांबला की मी जेवण सोडून खिडकीतून त्याची खोकी मोजायचो. आता नाटकगृहाचं कामही त्याने नेलं असतं, तर मला दुकानाला कुलूपच लावावं लागलं असतं.

ठेकेदार झुलेमाबाई दुपारी नमुने बघायला येणार होत्या. सकाळीच मी मागच्या खोलीत बाकावर आडवा झालो. चेहऱ्याला व्हॅसलीन चोपडलं, नाकात श्वासासाठी दोन नळ्या घातल्या. मिशीला मात्र काही लावू दिलं नाही.

"अरे, चिकटेल ती," नेलिदा म्हणाली.

"मिशीचा केस न् केस उठला पाहिजे. ओत तू."

मी ठेवणीतलं हसू चेहऱ्यावर आणलं आणि तिने प्लास्टर ओतलं. आता ते घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही.

तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली. झुलेमाबाई लवकर आल्या होत्या. आणि सोबत बार्तोलुची!

"वहिनी, या बाई तुमचंच दुकान शोधत होत्या. म्हटलं, पोचवतो. ओविदिओ कुठाय?"

"कामात आहे. बसा ना, माते करते," नेलिदा म्हणाली.

मी पडल्या पडल्या ऐकत होतो. पाणी उकळलं. माते म्हणजे आमच्याकडचा कडवट चहा, एकाच तुंब्यातून सगळ्यांनी नळीने प्यायचा; तो तुंबा आळीपाळीने फिरू लागला. मग डब्याचं झाकण वाजलं. तो डबा मी ओळखतो. त्यातली बिस्किटं माझ्या सख्ख्या भावालासुद्धा मिळत नाहीत.

"तुमच्या हातच्या मातेची चव आमच्या घरी नाही हो, वहिनी."

"चला, काहीतरीच तुमचं," असं म्हणून नेलिदा हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एकाही विनोदावर ती अशी हसलेली नाही.

माझं ठेवणीतलं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. प्लास्टरला कळलं.

शेवटी ते वाळलं, पण निघेना. मिशी आत घट्ट धरलेली. मी बाकावर लाथा झाडल्या तशी नेलिदा धावत आली आणि तिने हाक कोणाला मारावी? त्यालाच!

"हलू नकोस, ओविदिओ," बार्तोलुची मायेने म्हणाला. त्याची माया मला घट्ट होताना तापलेल्या प्लास्टरपेक्षा जास्त चटका देऊन गेली. त्याने छिन्नीने हलक्या हाताने साचा दोन तुकड्यांत सोडवला. अर्धी मिशी साच्यातच राहिली.

मी बोंबलत आरशाकडे पळालो. परत आलो तर झुलेमाबाई साच्यात डोकावून बसलेल्या.

"काय चेहरा आहे! नुसता मत्सर! हसरे चेहरे काय, कुठल्याही नाटकगृहात असतात. मला प्रत्येक सज्जाखाली हाच हवा."

मला रडू येईल इतका आनंद झाला. "बाई, उद्यापासून ओतायला घेतो!"

"तुम्ही?" त्या बार्तोलुचीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "साचा तर यांचा आहे ना?"

मी नेलिदाकडे पाहिलं.

"अरे, एवढी मदत केली त्यांनी," ती म्हणाली. "तू आरशाकडे पळालास तेव्हा त्यांनी तो इटलीच्या मूर्तिकाराला गंमत म्हणून दाखवायला मागितला, देऊन टाकला. मला वाटलं, हसरा आला नाही म्हणजे तू फेकूनच देणार."

इटलीच्या मूर्तिकाराने अर्धवट उठलेली मिशी तासून टाकली, नाटकगृह उघडलं आणि तो बिनमिशीचा चेहरा शहरभर गाजला. गिऱ्हाइकं माझ्याकडेही तोच मागू लागली, म्हणून दुकानाला कुलूप लागलं नाही. मी तो बार्तोलुचीकडून डझनाने आणतो आणि विकतो. कोणी मला ओळखत नाही, कारण गिऱ्हाइकासमोर मी कायम हसतमुख.

फक्त परवा एक बाई भाव विचारत असताना, समोर नेलिदाने बार्तोलुचीला हात केला. बाईंनी भिंतीवर टांगलेल्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मिशी नव्हती तेव्हा बरे दिसायचात."