सासूबाईंची लिफ्ट

पाहुण्यांसमोर मशीन हमखास रुसतं, हा इंजिनीअरचा जन्मभराचा अनुभव. म्हणून त्याने आदल्या दिवशीच सगळं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. एका हॉस्पिटलसाठी त्याच्या छोट्याशा कंपनीने नवी लिफ्ट आखली होती. आता लिफ्ट अजून कुठेच नव्हती. होतं ते तिचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल. बटण दाबलं की पडद्यावरची लिफ्ट खऱ्या प्रोग्रॅमवर चालायची, आणि कोणी काय दाबलं, लिफ्टने काय केलं, ते सगळं रेकॉर्ड व्हायचं. परत लावलं की जसंच्या तसं सुरू. हे काम हातचं गेलं तर कंपनीला टाळं, असं साहेब सकाळपासून सांगत सुटले होते.

हॉस्पिटलच्या मेट्रनबाई लिफ्ट पाहायला आल्या, खुर्ची ओढून बसल्या. "चला, मला सगळ्यात वर, चौथ्या मजल्यावर न्या."

त्याने ऐटीत बटण दाबल्यासारखं केलं आणि रेकॉर्डिंग लावलं. लिफ्ट निघाली ती पहिल्यावरच थांबली. दार उघडलं. मिटत आलं, परत उघडलं.

"इथे कोण आलं?"

"को... कोणीतरी बोलावलं असेल."

दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. मग लिफ्ट उगाचच खाली आली आणि धोक्याची घंटा ठणाणा वाजू लागली. साहेबांनी रुमाल काढला.

आणि त्याला आठवलं. काल रेकॉर्डिंग त्याने घरीच केलं होतं, आणि लगेच सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. "आलोच आई, शर्ट बदलतो," म्हणून तो आत गेला, तो रेकॉर्डिंग चालू ठेवूनच! बाहेर आला तर सासूबाई कॉम्प्युटरसमोर हाताची घडी घालून बसलेल्या. "मी कशाला हात लावला नाही हं, जावईबापू." न विचारता! तेव्हाच ओळखायला नको होतं का गाढवाने? त्याचं चांगलं रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं आणि त्या जागी हे येऊन बसलं होतं.

"खरं सांगू?" त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. "हे कालचं रेकॉर्डिंग आहे. आणि बटणं माझ्या सासूबाईंनी दाबलीत."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मेट्रनबाई मात्र पुढे सरकल्या. "पण दार का धरून ठेवलं त्यांनी? विचारा बघू."

त्याने घरी फोन लावला.

"अहो, कोणी मागे राहिलं असेल बिचारं, म्हणून थांबवत होते," सासूबाई म्हणाल्या. "आणि घंटा तुमच्यासाठी वाजवली. शर्ट बदलायला इतका वेळ लागतो का हो?"

मेट्रनबाई खो खो हसल्या. "आमच्याकडे भेटायला येणारे अगदी हेच करतात! बाकीच्या कंपन्यांनी एकेक शहाणा माणूस सरळ वर नेऊन दाखवला. परत लावा. कुठे अडकते का, बघू."

तिघांनी श्वास रोखून पुन्हा सगळं पाहिलं. लिफ्ट कुठेही अडकली नाही.

"काम तुमचं," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण लिफ्ट बसली की आधी या बाईंना आणायचं."

लिफ्ट बसली. सासूबाई नवा चष्मा लावून आल्या. इंजिनीअरने दार धरलं. "या आई, पहिला मान तुमचा."

त्यांनी आत डोकावून कौतुकाने बटणं पाहिली, जावयाची पाठ थोपटली आणि सरळ जिन्याकडे वळल्या.

"अहो आई, लिफ्ट!"

"तुम्ही या तिच्यातून सावकाश," जिन्यावरून आवाज आला. "मी पाहिलीय ना ती. मेली प्रत्येक मजल्यावर थांबते!"