शिकाऊ गाडी आणि जांभळी गळती

आमच्या गावातली निम्मी माणसं आज गाडी चालवतात ती माझ्यामुळे! उरलेली निम्मी त्यांच्यापासून जीव वाचवत फुटपाथवरून चालतात, तो भाग वेगळा. पण मी ड्रायव्हिंग स्कूल काढल्यापासून माझी स्वतःची गाडी कधी रुतली नाही, की कुणाच्या फाटकावर आदळली नाही. म्हणून मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, “रविवारी तुला वाळवंटात नेतो, फुलं दाखवतो आणि संध्याकाळच्या चहाला घरी आणतो!”

फुलांची गोष्ट अशी की, बायको शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या पुस्तकात वाळवंटातल्या एका जांभळ्या फुलाचा धडा होता. त्याचं बी वर्षानुवर्षं वाळूत पडून राहतं, चांगला पाऊस झाला की उगवतं, फुलतं आणि चार दिवसांत संपतं. नाव इतकं लांबलचक की म्हणताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. बायको ते फूल असं शिकवायची, जणू ते तिच्या माहेरचंच! पण यंदा निवृत्त झाली त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, “अहो, इतकी वर्षं मी न पाहिलेलं शिकवलं.” एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला लागली. मला फार वाईट वाटलं.

आणि नेमका यंदा वाळवंटात पाऊस झाला! पेपरात आलं, फुलं फुलली आहेत. खाली हेही आलं की सोमवारी दुपारपासून गरम वारा सुटणार आणि सगळं करपून जाणार. म्हणजे रविवार हातचा सोडून चालणार नव्हतं.

गाडी अर्थातच स्कूलची. टपावर ‘शिकाऊ’ असा भलामोठा बोर्ड आणि शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक. शेजारी बसली बायको. बायकोच्या पायाखाली ब्रेक असणं म्हणजे काय, हे लग्न झालेल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

“थांबा!” कच्च्‌! माझं नाक स्टिअरिंगवर.

“काय झालं?”

“तिकडे काहीतरी जांभळं दिसलं!”

ती काटेरी झुडपाला अडकलेली प्लास्टिकची पिशवी होती. पुढच्या कच्च्‌ला फुटकी बादली निघाली. त्याच्या पुढच्या वेळी तर काहीच नव्हतं, तिच्या गॉगलवर डाग होता!

दुपारपर्यंत आम्ही डांबरी रस्ता सोडून वाळूच्या वाटेला लागलो होतो. चहूकडे उघडे डोंगर आणि मध्ये भुरकट पसारा, दुसरं काही म्हणजे काही नाही. अधूनमधून आम्ही उतरायचो, हाताची सावली करून लांबवर बघायचो, दोन-चार शेतं मावतील एवढं चालून यायचो. जांभळ्याचा पत्ता नाही.

“पेपरवाले काहीही छापतात,” बायको म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “चला परत.”

“परत? अजिबात नाही!” मी म्हणालो. “फूल दाखवल्याशिवाय मी गाडी वळवणार नाही. त्या टेकडीमागे असणारच!”

मी गिअर टाकला, जोरात निघालो, आणि तेवढ्यात तिला टेकडीपाशी जांभळं दिसलं. कच्च्‌! मऊ वाळूत ब्रेक लावू नये, हे मी पहिल्याच दिवशी शिकवतो. पण बायकोने कधी फी भरून माझा क्लास केलेला नाही. मी ॲक्सिलरेटर दाबला, तशी मागची चाकं गरगरली आणि गाडी वाळूत बसली, ती थेट पोटावरच.

माझी गाडी रुतली! हे गावात कळलं तर स्कूलचा बोर्डच उतरवावा लागेल, या विचाराने मला घाम फुटला. पण मी हार मानणारा नव्हे. शर्टाच्या बाह्या वर केल्या, वाळूवर पालथा झालो आणि गाडीखाली डोकं घातलं.

आणि बघतो तर काय! गाडीखाली सगळीकडे जांभळे डाग पडले होते!

माझा वाचायचा चष्मा घरी राहिला होता. वाळवंटात वाचायचंय काय, म्हणून आणलाच नव्हता. लांबचं मला डोंगरावरच्या बकरीपर्यंत दिसतं, पण नाकासमोरचं सगळं धूसर. तरी जांभळं ते जांभळंच! मी झोपल्या झोपल्या आमच्या मेकॅनिकला फोन लावला. त्याला सगळे वस्ताद म्हणतात.

“वस्ताद, गाडी गळतेय!”

“काळं गळतंय की हिरवं?”

“जांभळं!”

“साहेब, गाडीत जांभळं काही नसतंच.”

“अरे, पण मला दिसतंय ना! भरपूर गळलंय!”

“वास घ्या बघू.”

मी नाक टेकवलं. “गोडसर येतोय.”

“गोड? मेलो! मग कूलंट गेलं, इंजिन थंड ठेवणारं पाणी! त्यालाच गोड वास असतो. इंजिन सुरू करू नका, रेडिएटरमध्ये पाणी भरा. मी क्रेनवाल्याला पाठवतो, कुठे आहात ते मोबाईलवरून धाडा!”

मी उठलो, बॉनेट उघडलं आणि पिण्याच्या पाण्याचा अख्खा कॅन रेडिएटरवर उपडा केला. दोन थेंब आत गेले असतील नसतील, बाकी सगळं बाहेर आलं आणि वाळूने गटागट पिऊन टाकलं.

“अहो! आता प्यायचं काय?” बायको ओरडली.

“अगं, सगळं कूलंट गळून गेलंय!”

“गळून गेलंय, तर रेडिएटर काठोकाठ भरलेला कसा?”

विज्ञानाच्या बाईशी संसार केला की असे प्रश्न येतात. “तूच बघ खाली जाऊन!” मी चिडून म्हणालो.

तिने पर्समधून वाचायचा चष्मा काढला, तो नाकावर चढवला आणि पदवीधर बाई सरळ वाळूत पालथी झाली. मी वाट बघत उभा राहिलो.

“काय आहे?”

“अहो,” ती अगदी हळू म्हणाली, “हे गळलेलं नाही. हे उगवलंय.”

ते फूल मोहरीएवढं होतं! पुस्तकातलं चित्र तळहाताएवढं, पण ते मोठं करून काढलंय हे कुठेच लिहिलं नव्हतं. त्यामुळे सकाळपासून आम्ही लांब डोंगरांकडे बघत होतो आणि चालत मात्र फुलांवरूनच होतो. टेकडीमागे जायची काही गरजच नव्हती.

मीही तिच्या शेजारी पालथा झालो. हनुवटी वाळूला लावून समोर बघितलं आणि बघतच राहिलो! उभं राहून भुरकट दिसणारं ते सगळं रान आडवं पडल्यावर जांभळं झालं होतं. इवली इवली फुलं एकामागे एक लागून पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत जांभळा रंग गेला होता. लांबचं असल्यामुळे मला ते लख्ख दिसलं.

बायको रडत होती आणि हसतही होती. “पुस्तकातलं चित्र काळंपांढरं होतं हो. मी मुलांना जांभळं म्हणून सांगायचे. पण जांभळं म्हणजे इतकं जांभळं, हे मलाच कुठे ठाऊक होतं!”

“जरा चष्मा दे ना. मलाही जवळून बघू दे.”

“थांबा हो!”

मी थांबलो. पुन्हा मागितला. पुन्हा थांबलो. तेवढ्यात क्रेनवाला आला. त्याला आधी टपावरचा बोर्ड दिसला, मग वाळूत पसरलेले आम्ही दोघे.

“अरे देवा! जिवंत आहात का?”

“आहोत, आहोत!”

त्याने बोर्डाकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. “या वयात शिकताय होय?”

“मी शिकवतो!”

“काय, गाडी रुतवायला?”

मी काही बोलणार तोच बायको उठून गाडीसमोर आडवी उभी राहिली. “हे बघा, एकाही नव्या फुलावरून चाक गेलेलं मला चालणार नाही!”

“कुठलं फूल, बाई?”

झालं! बायकोतली शिक्षिका जागी झाली. मी दुपारभर मागत होतो तो चष्मा तिने त्या परक्या माणसाच्या नाकावर चढवला आणि त्याला पालथं झोपवलं! तो गडी जो झोपला तो उठेचना. “आयला! आयला!” एवढंच म्हणत होता. मग त्याने मोबाईलवर घरच्यांना ती फुलं दाखवली, मग पाकळ्या मोजल्या, मग बायकोने त्याला अख्खा धडा शिकवला. शेवटी त्याने आम्हाला प्यायला पाणी दिलं आणि गाडी आली त्याच चाकोरीतून अलगद मागे ओढून दिली.

आता कुठे चष्मा माझ्या हाती आला. मी घाईघाईने आडवा झालो. उन्हं उतरली होती आणि फुलं मिटली होती! सगळ्यांनी आपापल्या मुठी आवळल्या होत्या.

“पाहिलंत ना?” बायकोने विचारलं. तिचा चेहरा इतका उजळला होता की खरं सांगायचं माझं धाडस झालं नाही.

“पाहिलं की! अप्रतिम!”

आम्ही परत निघालो. ती गप्प बसेल तर शपथ! “आणि मधला तो ठिपका? कसला सुरेख रंग ना?”

“वा! सुरेखच!”

“कोणता हो?”

मी आरशात बघितलं, हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं. “पिवळा,” मी म्हणालो.

कच्च्‌!

“पांढरा होता,” ती म्हणाली. “तुम्ही पाहिलंच नाहीत.”

“अगं, जाऊ दे. तू पाहिलंस ना, झालं तर मग. रंग तर मीही पाहिला.”

“जाऊ दे काय? न पाहता पाहिलं म्हणायचं? सकाळी उन्हाबरोबर उघडतील. वारा दुपारी सुटणार आहे. गाडी वळवा!”

“रात्री राहायचं कुठे?”

“गाडीत. वळवा म्हटलं ना!”

मी वळवली. आल्या चाकोरीतूनच गेलो, एकही नवं फूल चिरडलं नाही. पण चाकोरीच्या टोकाला मगाचचा तोच खड्डा होता, आणि ब्रेक अर्थातच बायकोच्या पायाखाली. मी मुकाट्याने क्रेनवाल्याला फोन लावला.

“साहेब, आता कुठे रुतलात?”

“तिथेच.”

तो पोटभर हसला. “अहो, बरंच झालं! घरचे सगळे मागेच लागलेत, फुलं बघायची म्हणून. सकाळी आई, बायको आणि सासूबाईंना घेऊन येतो. फक्त बाईंना सांगा, चष्मा आधी आमच्या मंडळींना द्यायचा!”

“हो, हो, नक्की!” बायको माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाली. “आमच्या ह्यांचं काय, ते शेवटी बघतील.”